दुसरा साक्षीदार

आमचे उस्ताद टपरीवर चहासुद्धा सरळ प्यायचे नाहीत. टपरीवाल्यानं कप पुढं केला की विचारायचे, "साखर घातली का?" तो म्हणायचा, "घातली की." उस्ताद म्हणायचे, "ही झाली बातमी." मग एक घोट घ्यायचा, डोळे मिटायचे, आणि जरा वेळानं म्हणायचं, "आता कळलं." टपरीवाला नवा होता तेव्हा त्याला वाटलं म्हातारा आपला अपमान करतोय. पुढं पुढं तोच बाकीच्या गिऱ्हाइकांना हसत विचारायला लागला, "बातमी पायजे का चव पायजे?"

मी तेव्हा इंदापुरातल्या एका मदरशात आलिमचा कोर्स करत होतो, म्हणजे धर्मशास्त्र शिकत होतो. घर जळोचीला, अब्बांचं शिलाईचं दुकान बारामतीत. घरात मौलवी होणारा मी पहिलाच, त्यामुळं अब्बांनी सगळ्या बाजारपेठेत माझी जाहिरात आधीच करून टाकली होती. वरच्या वर्गाला उस्ताद दोन विषय शिकवायचे. एक मंतिक, म्हणजे तर्कशास्त्र, आणि दुसरा अकीदा, म्हणजे काय मानायचं आणि का मानायचं याचं शास्त्र. अकीद्याचं पुस्तक उघडताना मला वाटलं होतं, पहिल्याच पानावर अल्लाहची थोरवी असणार. तर तिथं भलतंच. ज्ञान म्हणजे काय, ते माणसाला होऊ शकतं का, आणि होत असेल तर कुठून होतं. बाकीचे मौलाना ही पानं भराभर उलटून पुढं जातात असं ऐकून होतो. आमचे उस्ताद त्या पानांवर जे बसले ते उठेचनात.

"इल्म घरात यायचे दरवाजे तीन," ते सांगायचे. "धड डोळे-कान, खरी बातमी आणि अक्कल. चौथ्या दरवाज्यानं जो येतो तो चोर."

पुस्तक अरबी, समजावून सांगायची रीत उर्दूची, आणि उस्ताद शिकवायचे मराठीत. तीही पुस्तकी मराठी नाही. ते मूळचे कोऱ्हाळे बुद्रुकचे, उसाच्या रानात वाढलेले, तीच बोली. एकदा एका पाहुण्या मौलानांनी यावर नाक मुरडलं. उस्ताद म्हणाले, "हजरत, उर्दूत न समजलेलं बी समजल्यावानी वाटतं. मराठीत न समजता बोललो तर माझी मलाच लाज वाटती." मला तर त्या दिवशी असा आनंद झाला की विचारू नका, कारण माझं उर्दू बेतास बात होतं.

उस्ताद उंच, वाळलेले, खांद्यातून जरासे पुढं झुकलेले. जवळचं त्यांना अजिबात दिसायचं नाही. पुस्तक वाचायचं तर हात पुरता लांब करून धरायचे. लांबचं मात्र घारीसारखं. गच्चीवर उभं राहून उजनीच्या पाण्याकडं बोट करत आम्हाला न दिसणारे पक्षी दाखवायचे, आणि आम्ही माना डोलावल्या की लगेच विचारायचे, "दिसला का मान हलवलीस?"

खात्रीची त्यांची स्वतःची मापं होती. पुस्तकात खात्रीच्या पायऱ्या दिल्यात, पक्कं यकीन, मग अंदाज, मग शंका, मग नुसता भास. उस्तादांनी त्यांचे आणे करून टाकले होते. यकीन सोळा आणे, अंदाज बारा, शंका आठ, भास चार. हे वर्गात ठीक होतं, पण ते बाहेरही तसंच बोलायचे. "बार्शीची गाडी येतीय, बारा आणे." "पाऊस पडंल, आठ आणे." एकदा कुणीतरी सोयरिकीसाठी त्यांच्याकडं एका घराची चौकशी केली. उस्ताद खरेपणानं म्हणाले, "माणसं चांगली हायती, बारा आणे." ही गोष्ट फिरत फिरत त्या घरी पोचली आणि ते लोक वर्षभर उस्तादांचा सलाम घेईनात. उस्तादांना कळेचना आपलं काय चुकलं. "बारा आणे म्हंजे लई झालं," ते मला सांगत होते. "मी माझ्या सख्ख्या भावाला बी धा देतो."

बाजारात डाळिंबवाल्यानं "आतून लालभडक हाय" म्हटलं की हे विचारणार, "आत जाऊन आलास काय?" सगळा बाजार हसायचा. पण डाळिंब घ्यायचेच, आणि पांढरं निघालं तरी तक्रार करायची नाही. म्हणायचे, "त्यानं अंदाज सांगितला, मी अंदाजच इकत घेतला."

बिबट्याची गोष्ट सांगितल्याशिवाय हे चित्र पुरं होणार नाही. एका दुपारी आमच्या वर्गातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर एकदम मेसेज आला. काटेवाडीच्या बाजूला बिबट्या आलाय, दोघांनी पाहिलाय, लेकरं सांभाळा. आमची तंतरली. अर्धा वर्ग त्याच भागातला. उस्तादांनी पुस्तक मिटलं आणि पुढं बसलेल्या एका मुलाला म्हणाले, "आज हाच धडा. तुला कुणी धाडलं?" तो मुलगा म्हणाला, चुलतभावानं. "लाव फोन. त्याला इचार, कुणी धाडलं." चुलतभावाला मेव्हण्यानं, मेव्हण्याला डेअरीवाल्यानं, डेअरीवाल्याला एका टेम्पोवाल्यानं. जुन्या विद्वानांनी हदीस, म्हणजे पैगंबरांची वचनं, तपासताना जशी सांगणाऱ्यांची साखळी शोधली तशी उस्तादांनी त्या बिबट्याची साखळी शोधली. फोनवर प्रत्येकाला तोच प्रश्न, नम्रपणे. "तुमी पाह्यला का ऐकला?" प्रत्येक जण ऐकलेलाच निघत होता. साखळी मागं मागं सरकत काटेवाडी ओलांडून थेट कोऱ्हाळ्यात गेली आणि तिथं उस्तादांचा लहानपणचा दोस्त निघाला, एक म्हातारा तात्या. उस्तादांनी स्पीकर लावला.

"तात्या, बिबट्या पाह्यलास काय तू?"

"मी कशाला बघतोय? मी आपलं टेम्पोवाल्याला म्हणलं, ऊस एवढा माजलाय का आत बिबट्या बसला तरी कळायचं न्हाय."

वर्ग नुसता फुटला हसून. उस्तादही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. संध्याकाळी बघतो तर ते मदरशाची शेळी मागच्या खोलीत नेऊन बांधतायत. मी म्हटलं, "उस्ताद, बातमी खोटी ठरली ना?" ते म्हणाले, "बातमी खोटी ठरली. बिबट्या न्हाय हे कुठं ठरलं?" मी तिथंच उभा राहिलो. एवढा सरळ चालणारा मेंदू मी तोवर पाहिला नव्हता, आणि खरं सांगतो, मला त्याची जराशी भीतीच वाटली.

भीती वाटायचं कारण निराळं होतं. हे असलं तपासणं शिकल्यावर मी ते स्वतःवर चालवलं. मला अल्लाह ठाऊक आहे तो कुणामुळं? अब्बांमुळं. अब्बांना त्यांच्या अब्बांमुळं. मी ना पाहिलं, ना अकलेनं धड सिद्ध करता आलं. रात्र रात्र झोप येईना. उद्या लोक माझ्यामागं नमाजला उभे राहणार आणि मी आतून पोकळ. असलं काही मदरशात तोंडातून काढणं म्हणजे आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं. तरी एका दुपारी धीर केला आणि सांगितलं, "उस्ताद, माझं यकीन सोळा आणे नाही. बाराच आहे. कधी कधी तेवढंही नाही."

मला वाटलं आता हाकलतात. त्यांनी हातातलं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "बारा हायेत ना? मग बारा आण्यानं नमाज पढ. सोळाचं सोंग आणू नगं. सोंग केलंस तर ते बारा बी जात्याल." एवढंच, आणि उठून वुजू करायला, म्हणजे नमाजाआधीचे हातपाय धुवायला गेले. त्या माणसाचे पाय धरावेत असं मला वाटलं. ते त्यांना आवडलं नसतं म्हणून धरले नाहीत.

आता ईदेचं सांगतो.

उस्तादांना एकच लेक. आम्ही तिला आपा म्हणायचो. बिनआईची वाढली, तिला सगळं शिकवलं ते उस्तादांनीच. लग्न होऊन मस्कतला गेली आणि पुढं वर्षानुवर्षं तिची ईद तिकडंच झाली. त्या रमजानात ती आली. पण नवऱ्याची रजा तोकडी, तो मुंबईला आपल्या घरी थांबलेला, तिकिटं आधी काढलेली. एकोणतिसाव्या रोज्याला संध्याकाळी चाँद दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद, म्हणजे तिची ईद बापाच्या घरी. नाही दिसला तर तिसावा रोजा, आणि त्याच संध्याकाळी तिला मुंबईची गाडी धरायची होती. ईद एक दिवसानं हुकणार होती. हे सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं. उस्तादांनी स्वतः बाजारात जाऊन शेवया, चारोळी, खजूर आणले होते. तिच्यासाठी बांगड्या आणल्या होत्या, त्याही मापाला मोठ्या.

रमजानात मदरशाला सुट्टी असते, पण मी माझे बारा आणे घेऊन शेवटचे दहा दिवस त्यांच्याजवळच राहिलो होतो. एकोणतिसाव्या दिवशी दुपारी ते मला म्हणाले, "चाँद आजच दिसावा असं लई वाटतंय रे मला." मी म्हटलं, दिसेल की. ते म्हणाले, "तसं न्हवं. ज्याला एवढं वाटतंय त्याच्या डोळ्यावर भरवसा ठिवायचा का, ह्याचा इचार करतोय."

त्यांचं घर मशिदीला लागून. दरवर्षी मंडळी त्यांच्याच गच्चीवर चाँद बघायला जमायची, कारण गावातल्या चाँदाचा फैसला त्यांच्याकडं होता. आकाश ढगाळ असेल तर ईदेच्या चाँदाला दोन भरवशाचे पुरुष साक्षीदार लागतात, नाहीतर एक पुरुष आणि दोन बायका. एकट्याच्या नजरेवर ईद होत नाही, मग तो कितीही मोठा असो. त्या दिवशी वळवाचे ढग पश्चिमेला असे दाटले होते की कुणाचीच आशा नव्हती. पुण्या-सोलापूरकडूनही कुठून काही खबर नव्हती.

रोजा सोडून आम्ही वर उभे राहिलो. उस्ताद मध्ये, एका बाजूला आपा, दुसऱ्या बाजूला मी. पलीकडं टाकीपाशी शेजारच्या बायका. अचानक ढगाला चीर पडली आणि उस्ताद हळूच म्हणाले, "तो बघ." मी त्यांच्या बोटाच्या रेषेत बघितलं. फिकट आभाळाचा एक तुकडा. जीव डोळ्यांत आणून बघितलं. तोवर चीर बुजली.

"दिसला?" सगळे धावत आले.

"मला दिसला," उस्ताद म्हणाले.

मंडळींनी एकमेकांना मिठ्या मारायला सुरुवात केली. एक जण माइककडं पळाला. उस्तादांनी त्याला थांबवलं. "मी एकला झालो. दुसरं कुणी पाह्यला?"

सगळे ढगांकडं बघायला लागले, पण तिथं आता काळोख होता. मग एकेक करून सगळ्यांची नजर माझ्याकडं वळली. उस्तादांच्या खांद्याला खांदा लावून मीच उभा होतो. मशिदीचे एक हाजीसाहेब होते, कांद्याचे व्यापारी, उस्तादांवर त्यांचा फार जीव. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळा, उस्ताद खोटं बोलत्यात का?"

"नाही."

"त्यांनी दावलं तिकडंच तू बघत हुतास ना?"

"होतो."

"मग चाँद तितं हुता का न्हवता?"

"असणारच. उस्ताद म्हणतात म्हणजे होता."

"मग चाँद तितं हुता आणि तू तिकडंच बघत हुतास. म्हंजे तू चाँदच बघत हुतास की."

काय सांगू, मंतिकच्या परीक्षेत असा प्रश्न आला असता तर मी चूक चटकन दाखवली असती. तिथं गच्चीवर मला ती सापडेना. सापडायला नको असंच वाटत होतं. माझ्या डोळ्यांपेक्षा माझा उस्तादांवर जास्त विश्वास होता, अगदी सोळा आणे. एक "हो" म्हटलं की लेकीची ईद बापाच्या घरी होणार होती. कुणाचं काय बिघडणार होतं? टाकीपाशी शेजारची चाची पदर डोळ्याला लावून उभी होती. मी आपाकडं बघितलं. ती खाली जमिनीकडं बघत होती. मी उस्तादांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत होते, पण चेहऱ्यावर ना हो, ना नको. प्रश्न विचारून ते नेहमी जसे थांबायचे तसे थांबले होते.

"मी तिकडं बघितलं," मी म्हणालो. "मला चाँद दिसला नाही."

हाजीसाहेबांनी हात काढून घेतला. कुणीतरी म्हणालं, "काय दगड काळजाचं पोर हाय." उस्ताद सावकाश जिना उतरले, स्वतः माइकपाशी गेले आणि नेहमीच्या आवाजात बोलले, "चाँद साबित झाला न्हाय. उद्या तिसावा रोजा." मी जिन्यातच बसून राहिलो. मला ढसाढसा रडायला आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रोजा ठेवला. ईदेच्या दिवशी रोजा धरणं हराम, आणि त्या माणसानं डोळ्यांनी चाँद पाहिला होता. मी न राहवून विचारलं, "तुम्हाला तर ठाऊक आहे आज ईद आहे."

"मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "गावाला न्हाय. आणि शास्त्र सांगतंय, अशा वक्ताला एकल्यानं गावाबरूबर ऱ्हावं."

"का तुमच्या डोळ्यांवर तुमचाच भरवसा नाही म्हणून रोजा ठेवलात?"

"सकाळपासनं त्योच ताळा करतोय. डोळं पक्कं हायती. मन कच्चं हुतं, पर पाह्यलं ते डोळ्यांनीच." मग हसले. "तू मातर काल सोपं केलंस माझं. तू व्हय म्हणला असतास तर मला तुझी उलटतपासणी घ्यावी लागली असती. चाँदाची शिंगं कुणीकडं हुती म्हणून. लेकीच्या म्होरं."

म्हणजे माझं खोटं त्यांनी चालवून घेतलंच नसतं. घरात शेवया आणून ठेवणारा तो बाप भर गच्चीवर मला खोटा पाडून लेकीची ईद स्वतःच्या हातानं मोडणार होता.

संध्याकाळी इंदापूरच्या स्टँडवर आम्ही तिघं होतो. रोजा तिथंच बाकावर सोडला, खजूर आणि बाटलीतलं पाणी. आकाश आता स्वच्छ होतं आणि पश्चिमेला चाँद लख्ख उभा होता. स्टँडवरचे लोक बोटं दाखवत होते. एक वडापाववाला मोठ्यानं म्हणाला, "मौलाना, ह्यो तर दोन दिसांचा दिसतोय. काल चुकली का वो तुमची ईद?" उस्ताद शांतपणे म्हणाले, "चाँदाच्या आकारावरनं तारीख काढू नये, बाबा. उद्या ये घरी, शीरखुर्मा हाय." आणि आपाची बॅग कुठं ठेवायची ते विचारायला कंडक्टरकडं गेले.

आपा माझ्याजवळ उभी होती. तिच्या हातात त्या मोठ्या मापाच्या बांगड्या होत्या, सारख्या खाली घसरत होत्या. मी म्हटलं, "आपा, मला माफ करा. माझ्या एका शब्दावर होतं."

ती म्हणाली, "वेडा आहेस का? दिसला नाही तर नाही." मग उस्ताद लांब आहेत असं बघून हळू आवाजात म्हणाली, "मला दिसला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"अब्बा आणि मी. नियमानं अजून एक बाई लागली असती. शेजारची चाची तयारच होती रे, तिचे ओठ उघडलेलेसुद्धा मी पाहिले. मी बोलले असते तर ती माझ्या मायेपोटी खोटी साक्ष द्यायला उभी राहिली असती. आणि मग माझ्या ईदेसाठी अब्बांनी तिला भर गच्चीवर खोटं पाडलं असतं." तिनं बांगड्या वर सरकवल्या. "त्यांनी मला असं शिकवलेलं नाही."

गाडी आली. उस्तादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, ती चढली, खिडकीतून हात हलवत गेली. गाडी वळेपर्यंत ते लांबचं बघणारे डोळे तिच्यावरून हलले नाहीत. मला मात्र राहवेना. तिनं बोलू नको असं काही म्हटलं नव्हतं. मी म्हणालो, "उस्ताद, आपांनी पण पाहिला होता."

"व्हय," ते म्हणाले. "चाँद दिसल्यावर म्हणायची दुवा असती, ती पुटपुटली ती. माझ्या कानाजवळच हुती."

"तुम्हाला काल गच्चीवरच कळलं होतं?"

"त्याच वक्ताला."

"आणि दोघंही गप्प बसलात? आज दिवसभर एकमेकांना काही बोललासुद्धा नाहीत?"

"काय बोलायचं?" ते म्हणाले. "गावाची ईद उद्या. आम्ही बाप-लेकीनं चाँद संगं पाह्यला. आमची काल तितंच झाली."

आणि रस्ता ओलांडायला त्यांनी माझा हात धरला.